ओढ्याकडचा कोपरा

“म्याडम, तुमचा चौकोन जरा पलीकडं सरकवा की. धा-ईस पावलं. तुमचं काय जातंय?”

बंकट सरपंच अजून मोटरसायकलवरून उतरलासुद्धा नव्हता. एक पाय बांधावर टेकवून तो माझ्याकडे बघत होता. मी मात्र चारही खुंट्या ठोकून, सुतळी ताणून तयार होते. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद. त्या सुतळीच्या आत बाजरी माझ्या डोक्याच्या वर गेलेली, कणसं कोपरापर्यंतच्या हाताएवढी आणि दाण्यांनी गच्च. सुतळीपासून चार हात पुढे मात्र तीच बाजरी गुडघ्याएवढी, वाळून राखेच्या रंगाची झालेली. आंधळ्यालाही हात लावून कळावं असा फरक होता.

“पलीकडं म्हणजे कुठं?” मी विचारलं.

“जिथं खरी बाजरी हाय तिथं.”

“मग ही काय खोटी आहे?”

“ही म्हातारीची बियाची बाजरी हाय, म्याडम. ही धरू नका. सबंध मंडळाच्या तोंडचा घास जाईल.”

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, कृषी सहायक म्हणून नोकरीला लागून सात महिने झाले होते आणि सरकारचा सगळा प्रामाणिकपणा आपल्याच खांद्यावर आहे अशी माझी समजूत होती. नव्या सुनेनं उंबरासुद्धा तीनदा पुसावा तशातली गत.

त्या वर्षी पावसानं पोळ्याआधी पाठ फिरवली ती फिरवलीच. डोंगरपट्ट्यातल्या बावीस गावांच्या आमच्या मंडळात बाजरीची कणसं निसवली आणि पोचट राहिली. सरकारनं पिकाचं अनुदान जाहीर केलं, पण त्याला एक अट होती. मंडळातली दहा शेतं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, प्रत्येकात तेवढाच एक चौकोन आखायचा, त्यातली बाजरी कापून, मळून, तोलायची. दहा चौकोनांची सरासरी ठरलेल्या आकड्याखाली आली तर बावीस गावांतल्या प्रत्येक शेतकऱ्याला अनुदान. वर गेली तर कुणालाही छदाम नाही. चौकोन कुठं आखायचा तेही आपल्या मर्जीवर नव्हतं. शेताचा एक कोपरा धरायचा आणि कागदावर छापून आलेली तेवढीच पावलं आत चालायचं. पाऊल जिथं पडेल तिथं पहिली खुंटी.

माझ्या वाट्याला चार शेतं आली, चारही लिंबारीच्या ओढ्याकाठची. पहिल्या शेतात आमचे साहेब सोबत होते. त्यांनी बोट दाखवून सांगितलं, “तो ओढ्याकडचा खालचा कोपरा धरायचा. तिथून मोजायचं.” तिथं एक किलो निघाली. दुसऱ्यात सव्वा, तिसऱ्यात त्याहून कमी. साहेब पहिल्या दिवसानंतर फिरकले नाहीत. चौथं शेत ओढ्याच्या पलीकडे होतं. ओढा इतका कोरडा की चप्पलसुद्धा न भिजवता मी पार गेले. ओढ्याकडचा खालचा कोपरा धरला. आधीच्या तिन्ही शेतांत सकाळचं ऊन डोळ्यांवर यायचं, इथं ते पाठीवर आलं, जरा बरं वाटलं. चौदा पावलं एका अंगाला, नऊ पावलं आत. आणि खुंटी पडली ती भामाबाईच्या बियाच्या तुकड्यात.

भामाबाई म्हणजे साठीतली एकटी बाई. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, लेक लांब दिलेली. अडीच एकर रान आणि ओढ्याच्या तोंडाशी एक पत्र्याची खोली. तिच्या माहेरहून लग्नात तिच्या ओटीत बाजरीचं बी घातलं होतं. कणसावर बारीक लालसर कुसळ असलेली ती जात आता कुणाकडेच राहिली नव्हती. दर वर्षी गुंठाभराचा तुकडा ती या बियासाठी राखायची, त्याला दृष्ट लागू नये म्हणून काळी चिंधी बांधायची. त्या वर्षी पाऊस गेला तसा तिनं ओढ्याच्या वाळूत झिरा खणला आणि सव्वा महिना रोज तीस-तीस घागरी डोक्यावर वाहून तेवढा तुकडा जगवला. बाकीचं रान डोळ्यांदेखत वाळू दिलं.

मी खुंटी ठोकली तेव्हा तीही आधी घाबरली होती. “लेकी, हे बी हाय गं. हे सोडून मोज की.”

“मावशी, पाऊल जिथं पडलं तिथंच कापावं लागतं. बी तुम्हालाच परत मिळेल. मी फक्त तोलणार.”

“समदंच कापनार?”

“या चौकोनातलं.”

तिनं तुकड्याची नजरेनं वाटणी केली. अर्धा चौकोनात गेला होता, अर्धा बाहेर उरत होता. “मंग ऱ्हाऊ दे. अर्धं पुरंल मला,” ती म्हणाली. आणि मग तिला ती गोष्ट हळूहळू आवडायला लागली. सरकार तिची बाजरी तोलणार! तिनं आत जाऊन कुंकवाचा करंडा आणला आणि माझ्या तागडीला बोट लावलं. ओढ्यापलीकडून जाणाऱ्या दोघी बायांना तिनं हाळी मारून बोलावलं, “या गं, बगायला या!” त्या बायांनीच गावात जाऊन सांगितलं असणार, कारण अर्ध्या तासात बंकट सरपंच हजर.

“सरपंच, मी चौकोन सरकवणार नाही,” मी म्हणाले. “असं सांगायला तुम्हाला लाज वाटायला पाहिजे.”

“लाज कशाची? समद्या रानात बगा ना काय हाय ते. हे एवढंच हिरवं हाय, आन तुमी बरुबर तेवढंच धरलं.”

“मी धरलं नाही. पावलांनी धरलं.”

“अवो, मंग पावलंच चुकली असतील! पुन्हा मोजा.”

मला वाटलं, ही धमकी आहे. मला वाटलं, याच्या खिशात काहीतरी असेल आणि आता तो हळूच हात घालेल. तसं काही त्यानं केलं नाही. तो फक्त उन्हात उभा होता, डोक्यावरची टोपी काढून हातात चुरगाळत. पण चोवीस वर्षांच्या मुलीला चोर दिसायचाच असला की तिला तो दिसतो.

“पुन्हा मोजणार नाही,” मी म्हणाले. “साक्षीदार म्हणून सही करायची असेल तर करा, नाहीतर तसं लिहिते.”

त्यानं भामाबाईकडे पाहिलं. “मामी, तू तरी सांग हिला.”

भामाबाई माझ्याकडे पाहून म्हणाली, “ती पोर तिचं काम करती, बंकट. माझी बाजरी चांगली आली ह्यात माझा काय गुन्हा?”

“गुन्हा न्हाई. सुक्यासंगं ओलं जळतं म्हनत्यात. हितं ओल्यापायी सुकं जळंल,” बंकट म्हणाला आणि सही करून गेला.

बाजरी बारा किलो दोनशे भरली. बाकीच्या नऊ शेतांत मिळून पावणेअकरा.

दिवाळीनंतर निकाल लागला. सरासरी आकड्याच्या केसभर वर. बावीस गावांचं अनुदान गेलं.

मी लिंबारीला गेले तेव्हा गावानं मला काही म्हटलं नाही. सरकारी माणसाला कोण काय म्हणणार? मला चहासुद्धा दिला. सगळा राग भामाबाईवर निघाला. म्हातारीनं म्याडमला मुद्दाम मळा दाखवला, बाया बोलावून मिरवली, तागडीला कुंकू लावलं, असं जो तो सांगत होता. बोलून थांबले असते तरी चाललं असतं. टँकर आला की तिची घागर रांगेतून मागं सरकवायचे, मागं सरकवता सरकवता टँकर रिकामा व्हायचा. किराणावाला तिला बघून आत जायचा. तिच्या चुलत पुतण्यानं आपल्या लग्नाची पत्रिका शेजारच्या घरापर्यंत दिली आणि तिचं दार ओलांडून पुढे गेला. हे सगळं तिनं मला सांगितलं नाही, बंकटनंच सांगितलं.

“तुम्ही सरपंच आहात. थांबवा ना,” मी म्हणाले.

“कसं थांबवू? त्या परश्या काळ्यानं ह्या पैशाच्या भरवश्यावर पोरीची बारावीची फी ठरवली व्हती. पोरगी आता ऊस तोडायला गेली. त्याला काय सांगू, म्हातारीला राम राम घाल म्हनून?”

मे महिन्यात सरकारनं बियाण्याची पुडकी पाठवली, गरजू शेतकऱ्यांना फुकट वाटायला. गावानं केलेल्या यादीत भामाबाईचं नाव नव्हतं. मी एक पुडकं बाजूला काढलं आणि ओढा ओलांडून तिच्या खोलीवर गेले.

ती दारात बसली होती. सहा महिन्यांत बाई निम्मी झाली होती. पण मला पाहून उठली, “ये लेकी” म्हणाली आणि बसायला पोतं अंथरलं. मी पुडकं पुढे केलं.

“हे काहून? मला बी हाय की.” तिनं वर हात दाखवला. चुलीच्या वर आढ्याला कणसांच्या तीन जुड्या बांधलेल्या होत्या, धुरानं काळपट झालेल्या. चौकोनाबाहेर उरलेल्या अर्ध्या तुकड्यातली ती कणसं. तोलून परत दिलेली बाजरी केव्हाच खाण्यात गेली होती. “किडा लागू नाही म्हनून धुरात ठिवावं लागतं. माझी आई असंच ठिवायची.”

“असू दे तरी.”

तिनं पुडकं हातात घेतलं नाही, बाजूला ठेवलंही नाही. मी ते मांडीवर धरून बसले. ती माझ्यापुढं टेकली. मग म्हणाली, “लेकी, एक इचारू? रागावू नको.”

“विचारा ना.”

“मी माघात माहेरला गेले व्हते. भावाच्या शेजाऱ्याच्या रानात ज्वारीचा असाच चौकोन आखला सरकारनं. मी बांधावर उभी राहून समदं बगितलं. त्या सायबानं आधी सूर्य बगितला, मंग मावळतीच्या अंगाचा खालचा कोपरा धरला. मी त्याला इचारलं, हाच काहून? तो म्हनला, आजी, समद्या महाराष्ट्रात हाच कोपरा धरायचा नियम हाय. मावळतीकडला, खालचा.”

मी मांडीवरचं पुडकं सरळ केलं.

“माझ्या रानाची मावळती तिकडं हाय.” तिनं हात केला तो ओढ्याच्या उलट दिशेला, रानाच्या पार त्या टोकाला, जिथं वाळलेली बाजरी मोडून जमीन उघडी पडली होती. “आन तू तर ह्या अंगानं चाललीस, ओढ्याकडनं. ऊन तुज्या पाठीवर व्हतं. मी बगत व्हते.”

आता एक गोष्ट सांगते, जी मी आतापर्यंत मुद्दाम सांगितली नाही, कारण तेव्हाही कुणाला सांगितली नव्हती. हे मला माहीत होतं. त्या दिवशी संध्याकाळीच माहीत झालं होतं. माझ्या खोलीवर बसून मी कागद भरत होते. त्यात शेताचा छोटा नकाशा काढावा लागतो आणि उत्तरेचा बाण; कोपरा पश्चिमेकडचा खालचाच हवा, असं वर छापलेलं असतं. पहिली तिन्ही शेतं ओढ्याच्या गावाकडच्या अंगाला होती, तिथं ओढा पश्चिमेला. चौथं शेत पलीकडे. तिथं तोच ओढा पूर्वेला येतो. मी ओढा धरून चालले, दिशा धरलीच नाही. खरा कोपरा धरला असता तर चौदा आणि नऊ पावलांवर फुफाटा होता. किलोभर निघाली असती, नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांकडे जाऊन सांगितलं असतं तर चौकोन पुन्हा आखता आला असता. त्या कोपऱ्यातली बाजरी अजून उभी होती. पण माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. आणि त्याहून खरं सांगायचं तर बंकट सरपंचानं “पावलं चुकली असतील, पुन्हा मोजा” म्हटलं होतं. त्याचं ऐकून पुन्हा मोजायला गेले असते तर गाव म्हणालं असतं, म्याडमला गुंडाळलं. ते मला सहन होणार नव्हतं. मी नकाशात ओढा दुसऱ्या बाजूला काढला. पेन्सिलीची एक रेघ. मग ती शाईनं गिरवली.

“लेकी,” भामाबाई म्हणाली, “मला पैसं नकोत. गेलं ते गेलं. तू फकस्त गावात येऊन एवढं सांग की कोपरा चुकला. म्हातारीनं काही केलं न्हाई, कोपरा चुकला. मला पानी भरू देतील.”

खरं तर तिचं मागणं एवढंसंच होतं. निकाल वर गेला होता, अनुदान आता कुणालाच मिळणार नव्हतं, माझं एक वाक्य कुणाच्या खिशात काही घालणार नव्हतं आणि कुणाच्या खिशातून काढणारही नव्हतं. त्यानं फक्त एका बाईला टँकरच्या रांगेत तिची जागा परत मिळाली असती. ती माझ्याकडे पाहत होती, आणि बाहेर बांधावर तिची एकुलती शेळी ओरडत होती.

“मावशी,” मी म्हणाले, “कोपरा बरोबरच होता. नियमाप्रमाणेच धरला होता.”

“मावळतीचा?”

“हो.”

“अगं, पन मावळती तिकडं हाय.” तिनं पुन्हा हात केला. तिला वाटलं मला नीट दिसलं नसेल. ती उठून दारात गेली, मलाही हाताला धरून उठवलं. “हे बग. रोज तिथं बुडतो. त्या लिंबामागं. चाळीस वर्सं बगते मी.”

“कागदावर तसंच आहे, मावशी. नकाशा काढून दिलाय. ओढा पश्चिमेला आहे.”

“कागदावर?”

“हो.”

तिनं माझा हात सोडला. ती लिंबाकडे वळली. रागावेल, शिव्या देईल, असं मला वाटलं, वाटलं काय, मी देवाकडे तेच मागत होते. पण ती चिडली नाही. तिच्या तोंडावर जे आलं ते मी नंतर पुन्हा कुणाच्याच तोंडावर पाहिलं नाही. आपल्या डोळ्यांनी पाहिलेलंही आपलं नाही, असं कळल्यावर माणसाचं तोंड तसं होत असावं.

“मंग संपलंच,” ती म्हणाली. “मंग गाव म्हनतंय ते खरं.”

“तसं नाही, मावशी.”

“न्हाई कसं? चूक कोपऱ्याची न्हाई, पावलांची न्हाई. मंग ह्या बियाचीच.” ती आत आली. माझ्या मांडीवरचं पुडकं तिनं आता स्वतःहून उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि कोनाड्यात देवापुढं ठेवलं. मग चुलीपाशी उभं राहून टाचा उंचावल्या आणि आढ्याच्या तिन्ही जुड्या सोडल्या.

“मावशी, काय करताय?”

कणसं सुपात घेऊन तिनं तळहातांनी चोळली. दाणा टपोरा होता, निळसर. पाखडून झाल्यावर तिनं त्यातले दोन पसे जात्याशी काढून ठेवले. उरलेली बाजरी तालुक्याच्या बाजारातून आणलेल्या खायच्या बाजरीच्या डब्यात ओतली आणि हात कोपरापर्यंत घालून खालवर केली. मी तोंड उघडलं तेव्हा ते मिसळून झालं होतं. वेगळी करायची म्हटलं असतं तरी आता देवालाही ती निवडता आली नसती.

“घरातनं उपाशी जाऊ नाही मानसानं,” ती म्हणाली. “बसा.”

ती जात्यावर बसली. मी तशीच पोत्यावर बसून राहिले. उठून जाता आलं असतं. तेव्हाही बोलता आलं असतं. दळायला असा कितीसा वेळ लागतो, पण तेवढ्या वेळात मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. तिनं परातीत पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. घरात एकच घागर होती आणि ती तळाला गेली होती. त्यातलंच पाणी.

जर्मनच्या ताटलीत भाकरी आणि वर लसणाची चटणी ठेवून तिनं ती माझ्यापुढे सरकवली. वर आढ्याला नुसती सुतळी लोंबत होती.

“खावा, म्याडम,” ती म्हणाली.

ताटात काही उरवायची माझी हिंमत झाली नाही. मी सगळी भाकरी खाल्ली. गोड होती.